एका खिडकीत सगळी खाडी

कवडेखाडीत देवमाशाचं पिल्लू शिरलंय, हे पहिल्यांदा पाहिलं ते तारूने.

रविवारची सकाळ होती. अकरा वर्षांची तारू आईबरोबर समुद्रशेवाळाच्या तराफ्यावर उभी होती. शेवाळ लावलेले दोर दूरवर रांगेत तरंगत होते. त्यांच्या मधोमध होडीएवढी एक करडी पाठ वर आली, 'फूस्स' करून पाणी उडालं आणि पाठ पुन्हा बुडाली.

"आई! ते बघ!"

खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यापलीकडे, तसाच पण चांगला उंच फवारा उडत होता. पिल्लाची आई तिथे येरझाऱ्या घालत होती. भरतीच्या पाण्यावर पिल्लू दांडा ओलांडून आत आलं होतं. आता ओहोटी लागली की दुपारी एकपर्यंत दांड्यावर जेमतेम गुडघाभर पाणी उरणार. म्हणजे त्याच्या आत पिल्लाला बाहेर काढायला हवं, नाहीतर ते वाळूत रुतणार.

आईने घाईघाईने मोबाईलवर निरोप टाकला : 'दोर खाली सोडा, पिल्लाला वाट द्या.' दहा मिनिटांत सगळ्या तराफेवाल्या बायकांनी दोर सोडले. पिल्लू खाडीच्या तोंडाच्या दिशेने निघालंही! तेवढ्यात बाबलकाकांच्या होडीचं इंजिन धडधडलं आणि पिल्लू घाबरून उलटं फिरलं.

"बाबलकाकांना कळवलं नाहीस?" तारूने विचारलं.

"कसं कळवू? आपला निरोप 'तराफा' नावाच्या निरोपांच्या जाळ्यावर जातो. होडीवाल्यांचं 'दर्याबोल' हे जाळं वेगळं. बंदर कचेरी 'निशाण' वापरते. त्यांचं आपल्याला येत नाही, आपलं त्यांना जात नाही."

तारूला हे काही पटेना. माणसं डोळ्यांना दिसतात, एकाच पाण्यावर उभी आहेत आणि निरोप तेवढा पोचत नाही? तिने तराफ्याला बांधलेली छोटी होडी वल्हवत किनाऱ्याला लावली आणि थेट फिलूआंटीचं घर गाठलं.

फिलोमिना फर्नांडिस, म्हणजे गावाची फिलूआंटी, आयुष्यभर संगणकाचे प्रोग्रॅम लिहून आता गावी परतली होती. तारूने धापा टाकत सांगितलेली हकीकत ऐकताच तिने संगणक उघडला.

"गजाल सुरू करते," ती म्हणाली. गजाल म्हणजे मालवणीत गप्पा; तिच्या निरोपांच्या प्रोग्रॅमचं नावच ते होतं.

पडद्यावर एकच खिडकी उघडली. तिच्यात एकाखाली एक नावं होती : तारूची आई, बाबलकाका, होडीवाले, बंदर कचेरीतल्या सामंतमॅडम. तारू बघतच राहिली.

"हे सगळे एका जागी कसे आले?"

"प्रत्येक जाळ्यावर माझं खातं आहे. आणि प्रत्येक जाळ्याचे रीतिरिवाज असतात, त्यांना म्हणायचं प्रोटोकॉल (निरोपाची देवाणघेवाण कशी करायची याचे ठरलेले नियम). एका घरात दार वाजवून नाव सांगावं लागतं, दुसऱ्या घरात अंगणातूनच हाक मारलेली चालते, तसं. गजालला हे सगळे रिवाज माहीत आहेत. एकेका रिवाजासाठी एकेक प्लग-इन (मूळ प्रोग्रॅमला जोडायचा छोटा तुकडा). तू इथे साधं मराठीत लिही. कुणाकडे कसं जायचं ते तुकडे बघून घेतील."

तारूने लिहिलं : 'खाडीत देवमाशाचं पिल्लू आहे. कृपा करून इंजिनं बंद ठेवा.' आंटीने सगळ्या नावांपुढे खुणा केल्या आणि निरोप एका दमात तिन्ही जाळ्यांवर गेला.

क्षणात उत्तर उमटलं. बाबलकाका लिहीत होते, 'अरे देवा, माका कोणी सांगल्यानच नाय! इंजिन बंद केलंय. पिल्लू खय आसा ता सांग.'

सामंतमॅडमनी अकराची फेरीबोट थांबवली. खाडी शांत झाली. पण बाबलकाकांचा प्रश्न उरलाच. पाणी गढूळ. पिल्लू बुडी मारून कुठे गेलं, ते कुणालाच दिसेना.

"मुडदुशीला दिसत असेल!" तारू ओरडली.

मुडदुशी म्हणजे सागर संशोधन केंद्राचा यंत्रमासा. तो खाडीच्या तळाशी फिरून काय काय दिसतं ते कळवत असे. आंटीने केंद्रातल्या डॉ. प्रभूंना फोन लावला. त्यांनी आनंदाने परवानगी दिली आणि मुडदुशीच्या नियमांचं पुस्तकही पाठवलं. पण गजालमध्ये मुडदुशीसाठी तुकडाच नव्हता.

"मग संपलं," तारूचा चेहरा उतरला.

"संपलं कसं? गजाल मुक्तस्रोत आहे (ज्याचा मूळ मजकूर कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा असा प्रोग्रॅम). तो फुकट मिळतो, ते आहेच. पण खरी गंमत ही, की तो आतून उघडा आहे. तुकडा नाही? आपण लिहू. शाळेत शिकलीस ना कोड लिहायला? बस इथे."

दर्याबोलचा तुकडा समोर ठेवून दोघींनी त्यात मुडदुशीचे नियम भरले. आंटी सांगत होती, तारू लिहीत होती. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जुळलं. पावणेबाराला खिडकीत नवं नाव आलं : मुडदुशी. आणि पहिला निरोप : 'मोठा प्राणी. जुन्या जेट्टीजवळ. खोली चार मीटर.'

तारूने टाळी वाजवली. पण पुढचा निरोप तोच. त्याच्या पुढचाही तोच. पाच वेळा तेच वाक्य!

"बिघडला वाटतं," आंटी पुस्तकाची पानं चाळू लागली.

तारू पडद्याकडे टक लावून बसली. तिला स्वतःचीच आठवण झाली. आई कामात असली आणि 'हं' म्हणाली नाही, की तारूही तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत बसते.

"आंटी, तो बिघडला नाही. तो वाट बघतोय! आपण 'ऐकलं' म्हणालोच नाही त्याला."

आंटीने पान शोधलं. खरंच, नियम होता : दर निरोपाला पोच द्यावी, पोच मिळेपर्यंत तोच निरोप पाठवला जाईल.

"शाब्बास गो पोरी! पाण्यात निरोप हरवतात, म्हणून पोच मागतो तो."

तारूने पोच देणारी ओळ घातली आणि मुडदुशी घडाघडा बोलू लागला. 'जेट्टीवरून निघाला.' 'दोरांच्या दुसऱ्या रांगेपाशी.' 'थांबला.' तारू ते तसंच सगळ्यांना पाठवत होती. आईने दुसऱ्या रांगेचा अडकलेला दोर सोडवला. होडीवाल्यांनी वल्ही मारत दोन्ही बाजूंना रांग धरली आणि मधे मोकळी गल्ली ठेवली.

साडेबारा झाले. ओहोटीचं पाणी झपाट्याने उतरत होतं. दांड्यावर पाणी फिकट दिसू लागलं. 'दांड्याजवळ. खोली दोन मीटर,' मुडदुशीने कळवलं. मग बराच वेळ काहीच नाही.

आणि एकदम तिन्ही जाळ्यांवरून निरोपांचा पाऊस पडला. 'गेलं!' 'गेला गो बाय!' 'दोघं मिळाली!' तारू धावत अंगणात आली. दांड्यापलीकडे दोन फवारे शेजारी शेजारी उडत होते, एक उंच, एक बुटका. खाडीभर लोक टोप्या आणि पदर हलवत होते. आंटीने तारूला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग दोघी नुसत्याच नाचल्या.

संध्याकाळी आंटीने तारूचा तुकडा, तारूच्या नावासकट, गजालच्या सार्वजनिक कोठारात ठेवला, जिथून जगातलं कुणीही तो घेऊ शकत होतं.

पंधरा दिवसांनी आंटीने तिला बोलावून घेतलं. फिलिपाईन्समधल्या एका बेटावरच्या लिगाया नावाच्या मुलीचं पत्र होतं. तिच्याकडेही असेच यंत्रमासे होते, समुद्री कासवांवर लक्ष ठेवणारे. तारूचा तुकडा एकाच माशाशी बोलायचा, तो तिने बदलून सात माशांसाठी केला होता.

"माझ्या कोडला हात लावला?" तारूने गाल फुगवले.

"लावला. आणि तू लावलास तो दर्याबोलचा तुकडा कुणाचा होता? मुळात नॉर्वेतल्या एका आजोबांचा, त्यांच्याकडच्या होड्यांसाठी लिहिलेला. त्यांनी तुला विचारलं होतं का, गाल फुगवून?"

तारूला हसू आलं. तिने लिगायाने बदललेल्या ओळी एकेक करून वाचल्या. फार सुबक लिहिलं होतं. तिला कधी सुचलं नसतं. शेवटच्या ओळीवर ती थबकली.

"आंटी, सातही मासे एकदम बोलायला लागले तर?"

"तर काय होईल?"

"काहीतरी गोंधळ होईल. थांब, बघते," असं म्हणून तारूने कीबोर्ड पुढे ओढला.