इंद्रभानच्या ओट्यावरचा कॉम्प्युटर

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी रात्र शोधतात. अमावस्या, पिंपळ, कुत्र्याचं रडणं.

माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं, ऊन डोक्यावर असताना. मी स्वतः तिथे होतो. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. मीही आधी हसलोच होतो.

माझं नाव भुजंग. गाव धावडा, पण भोकरदनला माझं कॉम्प्युटर विक्रीचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पंधरा वर्षं मशीनमध्ये काढली. बिघाड कुठला आणि बाकीचं कुठलं, हे मला कळतं...

निदान तेव्हा तसं वाटायचं.

इंद्रभान माझा चुलतभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. देवमाणूस, पण एक खोड होती. बायकोला काही करू द्यायचा नाही. शालूवहिनी लग्नाआधीच टायपिंगची परीक्षा पास झालेली, मिनिटाला चाळीस शब्द. एकदा भोकरदनच्या एका ऑफिसात जागा निघाली, तेव्हा दादा म्हणाला, "तू काहून हाल करून घेती? मी हाय ना."

प्रेमानेच म्हणायचा. वहिनी गप्प बसायची.

घरात कॉम्प्युटर घ्यायचं त्याला भारी वेड. कोपऱ्यात कडप्प्याचा ओटा बांधून घेतला. वरती विजेचा बोर्ड बसवला, खुर्ची आणली. मशीन तेवढं राहिलं. रविवारी माझ्या दुकानात येऊन एका बोटाने टाइप करत बसायचा. अक्षर शोधायचं... टक. पुन्हा शोधायचं... टक. एंटर मात्र असा दणकून मारायचा की मी ओरडायचो, "दादा, कीबोर्ड फुटंल ना!"

दोन वर्षांपूर्वी भोकरदनहून घरी येताना त्याची गाडी एका बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळली. जागेवरच गेला.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना.

एक तास गेला. दोन तास गेले. "आईला सांभाळू" म्हणून झालं. "पायलला शिकवू" म्हणून झालं. पायल त्याची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. कावळे समोरच्या बाभळीवर बसून नुसते बघत होते. झाडावरचे कावळे गप्प आणि माझ्या पोटातले ओरडत होते. ऊन मी म्हणत होतं. माझा धीर सुटला. मी पुढे झालो आणि बोलून गेलो, "दादा, तुह्या ओट्यावर कॉम्प्युटर आणून ठेवतो. पहिलं बटन तूच दाब. तुह्याच हातानं चालू व्हईल. माहा शब्द हाय."

वाक्य संपलं...

आणि कावळा खाली आला.

लोकांनी हात जोडले. मी चपला शोधायला लागलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दिलेला शब्द मी घरी पोचेपर्यंत विसरून गेलो होतो.

वर्ष गेलं. मग एक दिवस वहिनी दुकानात आली. तिला घरबसल्या काम मिळालं होतं. हाताने भरलेल्या जुन्या फॉर्मांचे फोटो कंपनी पाठवणार, हिने ते टाइप करून द्यायचे. सोमवारी सकाळी दहाला सुरुवात. पहिल्या दिवशी जो जोडला गेला नाही त्याची जागा दुसऱ्याला, असं कंपनीने स्पष्ट सांगितलेलं.

"भाऊजी, आजवर माह्या नावाचं काहीच न्हाई," ती म्हणाली. "हे एक काम माहं व्हऊ द्या."

तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

गेल्या दिवाळीनंतरचा तो रविवार. मी मशीन दुकानात जोडलं, दोनदा चालवून पाहिलं आणि धावड्याला नेलं. माझी एक पद्धत आहे. सगळं भरून देतो, पण शेवटचं नाव आणि पासवर्ड गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने टाकायचा. तेवढंच बाकी ठेवलं होतं.

ओट्यावर मांडलं. आसराकाकूने, म्हणजे दादाच्या आईने, हळदीकुंकू वाहिलं. पायलने टाळ्या वाजवल्या. मी बटन दाबलं.

काहीच नाही.

वायर पाहिली. बोर्डात मिक्सर लावला, तो गरगर फिरला. रॅम काढून पुसली. पुन्हा दाबलं. पंखासुद्धा हलला नाही.

सगळं उचलून परत भोकरदनला नेलं. तिथे पहिल्याच दाबाला चालू! परत धावड्याला आणलं, तर मेलेलं. शेजारच्या खोलीत लावलं, तरी मेलेलं. मी घामाघूम झालो. वहिनी दारात उभी होती. "उद्या दहाला, भाऊजी," एवढंच म्हणाली.

तेव्हा काकू हळूच बोलल्या, "भुजंगा, नदीवर तू काय शब्द दिल्ता?"



"काकू, असं कुठं असतं का!" मी हसलो. पण हसू काही खरं नव्हतं.

"सम्दे भायेर चला," काकू म्हणाल्या. "त्याला बसू द्या."

आम्ही अंगणात लिंबाखाली जाऊन बसलो. दार लोटून घेतलं. दुपारचे तीन वाजले असतील. समोर कोंबड्या माती उकरत होत्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी मनात म्हणालो, भुजंग्या, कॉम्प्युटरवाला ना तू? इथे काय करून राह्यला?

मग कोंबड्या थांबल्या.

सगळ्या एकदम. माना वर करून घराकडे बघायला लागल्या...

आतून खुर्ची करकरली.

मग... बीप.

पंख्याची घरघर सुरू झाली. पायल उठायला लागली तर वहिनीने तिचा हात घट्ट धरला. आणि मग तो आवाज आला. माझ्या दुकानात रोज शंभर बोटं चालतात, पण तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

टक...

टक...

टक...

आणि शेवटी, दणकून, धप्प.

आम्ही दार उघडलं. आत कोणी नव्हतं. खुर्ची ओट्यापासून थोडी सरकलेली होती. पडद्यावर नाव टाकलेलं होतं, "शालू". खाली तो पासवर्ड विचारत होता. म्हणजे पासवर्डही कुणीतरी ठेवून गेलं होतं.

मी म्हणालो, "वहिनी, हे सगळं पुसून पुन्हा टाकावं लागंल. पासवर्ड कुणाला माहीत?"

वहिनीने ऐकलंच नाही. ती पुढे झाली आणि उभ्या उभ्या काहीतरी टाइप केलं. कॉम्प्युटर उघडला.

"काय व्हता?" मी विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला फक्त हेच ज्या नावानं हाक मारायचे, ते नाव. तुम्हाला न्हाई सांगणार."

सोमवारी दहाला तिचं काम सुरू झालं. मला खरंच आनंद झाला. वाटलं, दादाला जायच्या आधी बायकोसाठी एवढं करायचं होतं, केलं, गेला. विषय संपला.

महिन्याभराने कंपनीतून वहिनीला साक्षी मॅडमचा फोन आला. तिचं काम त्याच बघायच्या. खूप कौतुक केलं. "संध्याकाळी सहानंतरही तुम्ही दोन-दोन तास बसता. वेग कमी असतो, पण एकही चूक नसते."

सहा वाजता वहिनी कॉम्प्युटर बंद करून चुलीपुढे बसायची.

वहिनीने मला कळवलं तेव्हा मी नेहमीचं बोललो. कंपनीच्या हिशेबात गडबड असेल, घड्याळ चुकलं असेल. वहिनी म्हणाली, "भाऊजी, सकाळी खुर्चीवर बसलं की खुर्ची गरम लागती. आताच कुणी उठल्यावानी."

पुढच्या महिन्यात ते हळू चालणारं काम दुपारपासूनच सुरू झालं. त्याच्या पुढच्या महिन्यात सकाळपासून. तिने पुन्हा फोन केला, तेव्हा आवाज चिरका झाला होता. "तुम्ही या. डोळ्यांनी बघा. मंग बोला."

मी गेलो. सकाळचे अकरा. ती खुर्चीवर बसली, मी मागे उभा राहिलो. तिने एका फॉर्मवरचं नाव भरभर टाइप केलं.

नाव पुसलं गेलं...

शेवटच्या अक्षरापासून, एकेक करून. आणि मग तेच नाव, तेच गाव, पुन्हा उमटायला लागलं. हळूहळू. एका बोटाने टाइप केल्यासारखं. वहिनीचे दोन्ही हात मांडीवर होते. मी वायर पाहिली, माउस उपटला, नेट बंद केलं. अक्षरं येतच राहिली.

वहिनीने कोरं पान उघडलं. त्यावर लिहिलं, "मला माझं काम करू द्या."

ओळ पुसली गेली. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसली. सात वेळा लिहिलं तिने. मी मोजलं. सातव्यांदा ती रडतच टाइप करत होती. मला तिची दया आली, आणि खरं सांगतो, दादाचा पहिल्यांदा राग आला. मेल्यावरही ह्याने बाईला मोकळं सोडू नये?

"दादा, बस झालं आता!" मी ओरडलो.

खुर्ची करकरली. वहिनी तर माझ्या ओरडण्याआधीच उठून दारात गेली होती.

त्याच दिवशी तिने मोबाइलवरून कंपनीला राजीनामा पाठवला. भोकरदनला एका शाळेच्या ऑफिसात तिचं जमत होतं. म्हणाली, तिथं बसने जाईन, चार माणसांत बसेन, स्वतःच्या हाताने करेन. बोलताना चेहरा उजळला होता. मी कॉम्प्युटर उचलून दुकानात आणला, उघडला, त्यातली हार्डडिस्क काढली आणि टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं.

चार दिवस शांततेत गेले.

पाचव्या दिवशी मी धावड्यालाच होतो. वहिनीचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला. साक्षी मॅडम होत्या, मोकळ्या आवाजात बोलत होत्या. "राजीनामा मागे घेतलात, फार बरं झालं. तुमची कालची मेल मिळाली. आजही सकाळपासून तुमचं काम येतंय."

वहिनीने कसंबसं विचारलं, "मेलमध्ये काय लिहिलंय, मॅडम? एकदा वाचता का?"

मॅडम हसल्या. त्यांना गंमत वाटली असणार. मग त्यांनी वाचून दाखवलं.

"राजीनाम्याचं मनावर घेऊ नका. काम चालू राहील. शालूला फोन करू नका, तिला त्रास होतो. काय असेल ते मला लिहा."

खाली नाव शालूचंच होतं.

माझा हात खिशात गेला. खणाची किल्ली खिशातच होती.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हात जोडून पुटपुटायला लागल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "वहिनी, आपण कंपनीत जाऊन समक्ष सांगू. तुम्ही स्वतः समोर उभ्या राह्यल्या की ऐकतील ते."

आम्ही गेलोही. दोन दिवसांनी संभाजीनगरला. साक्षी मॅडम भल्या बाई. त्यांनी वहिनीला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग स्वतःचा कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. वहिनीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. टाइप झालेल्या फॉर्मचा आकडा आमच्यासमोर एकाने वाढला. थोड्या वेळाने... आणखी एकाने.

 मॅडमनी वहिनीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा वहिनीकडे.

"शालू तर कामावर आहेत," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही कोण?"

 वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी सांगावं म्हणून. मी पडद्याकडे बघत होतो. आकडा आणखी एकाने वाढला.