वाळवंटातला पूर

"अरे, वाळवंटात पूर आलाय!" भिंगरी दारातूनच किंचाळली.

तिच्यामागून तिचा भाऊ, चष्म्यामुळे 'प्रोफेसर' झालेला, आणि त्याच्यामागून सगळ्यांत धाकटी शेपूट धावत आली. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम मामाकडे आणि मामाचा मुक्काम संग्रहालयाच्या मोठ्या दालनात. तिथे लांबरुंद टेबलावर त्याने अख्खा खंड उभा केला होता! बर्फाचे डोंगर, शेवाळाचं जंगल, चाळलेल्या वाळूचं वाळवंट आणि जागोजागी बोटाएवढी मातीची माणसं. मेंढपाळ, शेतकरी, उंटवाले, कोळी. प्रत्येकाचा पेहराव वेगळा, घरं वेगळी. पण पाणी सगळ्यांना एकाच नदीचं. खरंखुरं, पंपाने डोंगरावर चढणारं आणि उताराने समुद्राकडे वाहणारं.

आज मात्र नदी जंगलापाशीच तुंबून वाळवंटात घुसली होती. उंटवाल्यांचे तंबू पाण्यात आणि कोळ्यांच्या होड्या कोरड्या ठणठणीत पात्रात आडव्या! मामाच्या मेहनतीवर अक्षरशः पाणी फिरलं होतं.

"उद्या उद्घाटन आहे," संचालकबाई म्हणाल्या. "पंप बंद करा, पात्रात निळा रंग भरा आणि मोकळे व्हा."

"रंगाची नदी?" मामाचा चेहरा एवढासा झाला. "बाई, या उतारासाठी दोन वर्षं खपलोय हो मी. कालपर्यंत छान वाहत होती!"

"पोरांनी बोटं घातली असतील," शिडीवरून सजावटवाला म्हणाला.

"आम्ही? आम्ही आत्ता आलोय!" भिंगरी उसळली.

मामा गपचूप रंगाचा डबा शोधायला लागला. ते बघून तिघांनाही फार वाईट वाटलं.

"काल वाहत होती, आज नाही. मग रात्रीतून बदललं काय?" प्रोफेसर पुटपुटला. एवढ्यात शेपटाने खिशातली गोटी टेबलाच्या काठावर ठेवली. गोटी सुटली ती थेट डोंगराकडे!

"गोटी डोंगर चढतेय!" शेपूट टाळ्या पिटत ओरडली.

"चढत नाहीये, उतरतेय! टेबल कललंय!" प्रोफेसरने टेबलाची झालर वर केली. समुद्राकडच्या पायांखाली नवा कोरा, जाडजूड गालिचा. डोंगराकडचे पाय मात्र फरशीवरच.

"टेबलाला आम्ही हातसुद्धा लावलेला नाही," सजावटवाल्याने कानावर हात ठेवले. "गालिचा पायांपर्यंतच अंथरलाय. आत सरकवला असेल या पोरांनीच!"

भिंगरीने डोळे मिचकावले. "खरंय काकांचं. एवढं जड टेबल! काकांना कुठलं उचलायला?"

"मला कुठलं?" काका शिडीवरून दणदण उतरले. "अगं, आज सकाळीच आम्ही चौघांनी फुलासारखं उचललं आणि गालिचा खाली..." पुढचे शब्द त्यांनी गिळले.

संचालकबाईंना हसू आवरेना. "मग आता तसंच फुलासारखं उचला आणि गालिचा काढा!"

गालिचा निघाला. सगळे श्वास रोखून उभे. तुंबलेलं पाणी हललं, जंगल ओलांडून शेतांजवळून गेलं आणि हळूहळू समुद्रापाशी पोचलं. कोळ्यांची पहिली होडी डुलली, सरळ झाली. मामाने डोळे पुसले आणि रंगाचा डबा लाथेने दूर सारला.

"शाब्बास रे पोरांनो! उद्या पाहुणे साध्या फरशीवरून येतील, पण नदी वाहणार," बाई म्हणाल्या. "आणि पंपाचं बटण तुम्ही तिघांनी दाबायचं."

मामाने शेपटाला उचलून घेतलं. "खऱ्या खंडातही असंच होतं बघ. एकाने आपल्या सोयीसाठी काहीतरी करायचं आणि दूरच्या कोणाची तरी होडी चिखलात रुतायची."

शेपूट विचारात पडली. "मग तिथे गोटी कोण ठेवतं?"

मामाने बाईंकडे पाहिलं, बाईंनी मामाकडे.

"मोठी झाले की मी ठेवेन," शेपटाने सांगून टाकलं आणि गोटी जपून खिशात घातली.