मी सांगेपर्यंत

ज्याला खोटं वाटेल त्याने इथूनच मागे फिरावं. मला वाद घालायला वेळ नाही.

माझी आत्या तियामिके आयसीयूत नर्स आहे. चौदा वर्षं झाली. ती चर्चमध्ये डुलक्या काढते, भुताखेतांचं तर सोडाच. इस्पितळाचं नाव सांगत नाही, तिची नोकरी जाईल. मलावीत, शिरे नदीच्या काठी, एवढंच.

आणि रात्रबित्र नव्हती. ऑक्टोबरातला रविवार. भर दुपारचे सव्वादोन.

त्या दिवशी चारपैकी दोनच खाटा भरलेल्या. एक नंबरला फायनेस, बाळंतपणात झटके आलेली. दोन नंबरला यान्को, सायकलवरून सवाऱ्या नेणारा बावीस वर्षांचा पोरगा. मिनीबसने उडवलेला. दोघं बेशुद्ध. दोघांच्या घशात नळी, श्वास मशीनवर.

दुसरी नर्स रक्त आणायला गेलेली. तियामिके एकटीच.

तिची एक सवय आहे. मशीनकडे नंतर, माणसाकडे आधी. छातीवर हात ठेवून बघणार, दोन्ही बाजू सारख्या वर येतात का. मग नाडी. मग नख दाबून सोडणार, किती वेळात परत गुलाबी होतं. मग पापण्या उघडून बॅटरीचा उजेड.

सफाईवाले वायसनकाका त्या दिवशीही चिडवत होते, "सिस्टर, एवढं निरखून नवऱ्याला तरी पाहिलंस का कधी?"

"नवरा आपला आपण श्वास घेतो, काका."

तेवढ्यात पंखा थांबला.

लाइट गेली.

मशीनच्या बॅटऱ्या कधीच्याच मेलेल्या. दोन्ही व्हेंटिलेटर किंचाळले... आणि गप्प झाले.

वायसनकाका जनरेटरवाल्याला शोधायला पळाले. तियामिकेने दोन्ही नळ्यांना अँबू बॅग लावल्या. तो रबरी फुगा हाताने दाबायचा, की हवा आत जाते. एक दाबला, चार पावलं पळाली, दुसरा दाबला, परत चार पावलं.

असं किती वेळ चालणार?

आमच्याकडे प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहतं. मागच्या शेडमध्ये. तिथेच रांधतं, तिथेच झोपतं. आयसीयूत त्यांना येऊ देत नाहीत, पण लाइट गेली की त्यांनाच हाक मारायची. दुसरं आहे कोण?

तिने मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "एक नंबरचं, दोन नंबरचं, कोण आहे? आत या."

कोणी नाही.

परत हाक मारली.

आणि मग... अनवाणी पावलं वाजली.

दोन नंबरच्या खाटेशी एक बाई येऊन उभी राहिली. तियामिकेने वर पाहिलंच नाही. बाईचे हात धरले आणि फुग्यावर ठेवले. हात मनगटापर्यंत मक्याच्या पिठाने पांढरे. गार.

"दाबा... सोडा. दाबा... सोडा. बंद करायचं नाही, मावशी."

"कधीपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत."

"दमले तर?"

"दमलात तरी."

"बरं, सिस्टर."

इकडे फायनेसचा फुगा दाबला जाईना. नळीत कफ अडकलेला. ओठ निळे पडायला लागले. तियामिकेने कफ ओढायचा, पायाने चालवायचा पंप जवळ घेतला, नळी साफ केली, परत फुगा लावला. घाम डोळ्यांत जात होता. मागून आवाज येत होता. फुस्स... फुस्स... उखळात मका कांडावा तसा, एका लयीत.

दोनदा तिने मान वळवली. यान्कोची छाती वर, खाली. दोन्ही बाजू सारख्या. नखं गुलाबी.

तिने माणसाकडे पाहिलं. फुगा धरणारीकडे नाही.

चाळीस मिनिटं.

मग पंखा फिरला. तिने फायनेसला मशीन लावलं आणि वळली.

दोन नंबरशी कोणी नव्हतं.

फुगा नळीवरून काढलेला. खाटेच्या दांड्याला टांगलेला. मशीन अजून जोडलेलं नव्हतं, नळी उघडी.

आणि यान्कोची छाती... वर, खाली. त्याच लयीत.

तिने मशीन जोडलं. तेवढ्यात यान्कोची बहीण एस्नाट पळत आली. घामाघूम, रडवेली.

"सिस्टर, फाटकाला कुलूप. रखवालदार जेवायला गेलेला. आम्ही सगळे तिकडून ओरडतोय. माझा भाऊ..."

"भाऊ ठीक आहे. आत कोणाला पाठवलंस?"

"कोणाला पाठवू? शेड आख्खी कुलपात होती."

तियामिकेने फुग्याकडे बोट दाखवलं. त्यावर पिठाची पांढरी बोटं उमटलेली.

"कालपासून पीठ संपलंय आमचं," एस्नाट म्हणाली.

जनरेटरकडून परतलेले वायसनकाका फडकं घेऊन पुढे आले. बोटं बघितली. पुसली नाहीत. एस्नाट गेल्यावर हळूच म्हणाले, "तू तिला बस्स म्हणालीस का?"

"कोणाला?"

"म्हणालीस का?"

"नाही. वेळच मिळाला नाही."

"मग म्हणू नकोस." त्यांनी फडकं खिशात कोंबलं. "तू यायच्या आधीची गोष्ट. अशीच एक होती. लेकीचा फुगा दाबत होती. स्वयंपाकातून तशीच उठून आलेली. कोणीतरी म्हणालं, बस्स करा आता, उपयोग नाही."

"मग?"

"मग काय. बस्स केलं तिने. लेक गेली, मागोमाग तीही."



फायनेस बाळाला घेऊन घरी गेली. यान्कोही बरा झाला. काठी टेकत दर महिन्याला तपासायला येतो. तियामिके त्याच्या छातीवर हात ठेवते. दोन्ही बाजू सारख्या.

पण तो श्वास घेतो तेव्हा तिला मागून ऐकू येतं...

फुस्स... फुस्स...

तिलाच. बाकी कोणाला नाही.

परवा त्याने तिला घरी जेवायला बोलावलं. मक्याच्या पिठाची न्सिमा, कोंबडी, सगळा थाट. जेवणाआधी तो स्वतः जग आणि परात घेऊन तिच्या हातांवर पाणी घालायला बसला. आमच्याकडे समोरचा पुरे म्हणेपर्यंत पाणी घालतात.

तो घालत राहिला.

आत्याला पुरे म्हणायचा धीर होईना. हात मागे घ्यायचाही होईना. तेही सांगितल्यासारखंच झालं तर? परात भरली, पाणी चटईवर आलं.

"सिस्टर, जग रिकामा झाला," यान्को हसला. "हात आहेत की शेत?"

सगळे हसले. आत्याही.

मी तिला विचारलं, "अजून येतो तो आवाज?"

"येतो की."

"तसाच?"

तिने आपलं नख दाबून सोडलं, परत गुलाबी होताना पाहिलं.

"नाही रे," म्हणाली. "हल्ली जरा... दमल्यासारखा येतो."