तिकडे काही नाही

आपल्याला ‘अक्का’ म्हणणाऱ्या माणसाच्या प्रेमात कुणी पडतं का? मी पडले. आणि मग बसले कपाळाला हात लावून.

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीमागच्या तळ्यावर सुरुवात झाली. केशरी रेनकोट घालून मी फिरत होते, फोनवर नागपूरच्या आईशी माझ्या नेहमीच्या, म्हणजे ठणठणीत आवाजात बोलत होते. वळणावर गळ्यात दुर्बिणी अडकवून पाच-सहा माणसं पुतळ्यासारखी उभी होती. त्यांच्यासमोरचा बगळा फडफडत उडाला. चष्म्यावर पावसाचे थेंब मिरवणारा एक उंच मुलगा वळला नि चक्क मराठीत म्हणाला, “स्वल्प हळू, अक्का. उडाला बघा.”

अक्का! बाप्पा, हा तर माझ्याहून मोठा दिसत होता!

पुढच्याच रविवारी मी त्यांच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपमध्ये घुसले. त्याला दाखवून द्यायला. काय ते विचारू नका. त्याचं नाव गुरुराज. त्याचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, आणि त्यांच्याकडे भाजीवालीपासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळ्या अक्काच. तेही समजून घेतलं मी. पण दर रविवारी माझ्या दुर्बिणीचा पट्टा नीट करताना ह्याची बोटं खांद्यापाशी घुटमळायची, कान लाल व्हायचे... आणि वर म्हणायचा, “झालं, अक्का.”

गेल्या आठवड्यात मला पुण्याच्या ऑफिसात बदली मिळाली. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. गुरुवारी मी त्याला मेसेज केला. सगळं लिहिलं, शेवटी ‘जाऊ की नको?’ असंही विचारलं. माणसानं याहून स्पष्ट काय लिहावं?

उत्तर आलं, ‘सरी. रविवारी गडद कपडे घाला.’ सरी म्हणजे कानडीत ‘बरं’. नुसतं बरं!

फोन भिंतीवर आपटणार होते. हप्ते चालू आहेत म्हणून वाचला.

तरी रविवारी गेले. गडद कपडे घालून! भुरभुर पाऊस होता. पण गुरुराजचं सगळं लक्ष भलतीकडेच. अप्पासाहेब, म्हणजे आमच्यातले हातभर लेन्सवाले काका, तळ्याच्या लव्हाळ्याकडे वळले की हा आडवा यायचा. “तिकडे काही नाही, अप्पासाहेब. इकडे या.” तिसऱ्यांदा तर माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, “अक्का, ह्यांना बाभळीवरचा खंड्या दाखवत बसा हं. सोडू नका.”

बदली मला, खंड्या अप्पासाहेबांना, आणि मी मधल्यामध्ये राखण करायची! कॅमेऱ्यातले मागच्या वर्षीचे खंड्याचे फोटोही बघून झाले, तशी माझी सटकली. तरातरा गुरुराजपाशी गेले.

“उद्या मी पुण्याला हो कळवतेय. तुला काही म्हणायचंय?”

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. “शू...”

शू? मला शू? मी फणकाऱ्यानं वळले आणि मुद्दाम त्या लव्हाळ्याकडेच निघाले. चिखलात पाय सटकला नि त्यानं माझं मनगट धरलं. धरलं ते सोडलं नाही.

“हळू... घरटं आहे. कुणाला कळलं तर उद्या इथं कॅमेऱ्यांची जत्रा भरेल. पक्षी अंडी सोडून उडेल.”

त्यानं लव्हाळं अलगद बाजूला केलं. पाण्यावरच्या पानांत, लांब शेपटीचा कमळपक्षी पावसात निमूट बसला होता. पोटाखाली चकचकीत तपकिरी अंडी. माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हणजे, अर्धा गेला.

“आई आहे का ती?”

“बाप. ह्यांच्यात आई अंडी घालून निघून जाते. बसतो तो हा.”

“आणि हा तिला थांब म्हणत नाही?”

“...नाही म्हणत.”

“मग मूर्ख आहे.”

त्यानं चष्मा काढून ओल्या शर्टाला पुसला, तर तो आणखीच धुरकट झाला. मनगट मात्र अजून त्याच्या मुठीत.

“हे घरटं मी कुणालाच दाखवलं नाही,” तो म्हणाला. “आज तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून गडद कपडे घाला म्हटलं. सगळे गेल्यावर बोलणार होतो. चार दिवस पाठ करतोय... आणि आता एक शब्द आठवत नाही बघा.”

“पाठ केलेलं मरू दे. असंच सांग.”

“जाऊ नको.” चष्म्याशिवायचे त्याचे डोळे थेट माझ्याकडे. “मला तू आवडतेस, सुखदा. फार आवडतेस.”

सुखदा! माझं नाव त्याला येत होतं तर! इतके रविवार मी काय काय सोसलं, ते सुनवायला तोंड उघडलं... आणि हसूच आलं. डोळ्यांत पाणीही आलं, पण पाऊस होता, खपून गेलं.

“उद्या पुण्याला ‘नाही’ म्हणून कळवते,” मी म्हटलं. “पण परत अक्का म्हणालास ना...”

मागं चिखलात पचपच पावलं वाजली. लेन्स सावरत अप्पासाहेब येत होते. “काय गं, काही दिसलं का तिथं?”

मी गुरुराजचा हात घट्ट धरला, लव्हाळ्यापुढे आडवी झाले, आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, “तिकडे काही नाही, अप्पासाहेब. इकडे या.”