डासवाली बाई आणि वरच्या मजल्यावरचा गणिती

त्यानं दार उघडलं तेव्हा माझी मूठ हवेतच होती. आणखी अर्धा क्षण गेला असता तर ती थेट त्याच्या नाकावर बसली असती आणि खरं सांगते, मला फारसं वाईट वाटलं नसतं.

चार आठवडे! चार आठवडे मी त्या दाराशी येत होते. तीन जिने चढून, खांद्याला पिशवी अडकवून. पिशवीत टॉर्च, नमुन्याच्या बाटल्या आणि फॉर्मांचा गठ्ठा. दर वेळी आतून एकच आवाज यायचा, "पाच मिनिटं हं..." आणि मग सामसूम. पाचाची वीस मिनिटं व्हायची. शेवटी मी दात-ओठ खात खाली उतरायचे आणि फॉर्मवर लिहायचे : घर क्रमांक दोनशे सतरा, तपासणी झाली नाही.

"कोण हवंय?" त्यानं विचारलं. चष्मा कपाळावर, शर्टाचं बटण भलत्याच काजात.

"डास," मी म्हणाले.

तो खरोखर विचारात पडला. "इथं... मी एकटाच राहतो."

मी त्याला बाजूला सारून आत शिरले.

आमच्या संस्थेचं डेंग्यूवर संशोधन चाललं होतं. वस्तीतली तीनशे घरं निवडायची, दर आठवड्याला प्रत्येक घरातलं साचलेलं पाणी शोधून ओतायचं आणि वर्षाच्या शेवटी बघायचं की ताप किती कमी झाला. अंडं ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा, म्हणून आठवड्याची फेरी चुकवून चालत नाही. एक घर सुटलं की आसपासच्या दहा घरांची मेहनत पाण्यात. या इमारतीत महिन्याभरात पाच जण तापानं आडवे झाले होते आणि खालच्या सगळ्या घरांत मला एकही अळी सापडली नव्हती.

त्याच्या गच्चीत सापडल्या. कठड्यावर ओळीनं कप मांडलेले. चहा घेऊन विचार करायला बाहेर यायचं, कप तिथंच विसरायचा, दुसऱ्या दिवशी नवा कप. वर पावसाची सर येऊन गेलेली. सगळे कप काठोकाठ भरले होते.

"हे काय आहे?" मी एक कप त्याच्या नाकासमोर धरला.

तो वाकला. "वळवळतंय काहीतरी... सात आहेत."

"तेवीस आहेत!"

"असतील," तो ओशाळून म्हणाला. "मी संख्यांवर संशोधन करतो. मोजायचं काम फारसं पडत नाही."

मी कप ओतले, घासायला लावले, कोरडे करून घेतले. तो निमूटपणे करत होता, पण मधेच हात थांबायचा, नजर कुठंतरी लागायची आणि नळ वाहतच राहायचा. देवा, हा माणूस अजून जिवंत कसा, असं मला वाटलं. निघताना त्याच्या हातात फॉर्म कोंबला. "दर शनिवारी भरून खाली पेटीत टाकायचा. जमेल?"

"प्रयत्न करतो," तो म्हणाला आणि हसला. हसला तेव्हा बरा दिसला, त्यामुळं मी जास्तच चिडले.

फॉर्म अर्थातच पेटीत पडला नाही. रविवारी सकाळी तो स्वतःच, फॉर्मवरचा माझा पत्ता शोधत, फॉर्म घेऊन आमच्या घरी आला. मी केस धूत होते. बाहेर येऊन बघते तर हा सोफ्यावर आणि समोर आई, डोळ्यांत अशी चमक की जणू हरवलेला भाऊ सापडला.

माझी आई बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. तिच्याच धास्तीनं मी जीवशास्त्राकडे पळाले. आजवर घरी आलेल्या माझ्या एकाही मित्राला तिनं पाणीसुद्धा धड विचारलं नव्हतं. आणि आता ती म्हणत होती, "अगं, हा मूळ संख्यांवर काम करतो! चहा टाक."

मी चहा टाकला. दुसऱ्यांदा टाकला. तीन तासांत दोघांपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. जाताना तो दारात थांबला, काहीतरी आठवल्यासारखं म्हणाला, "चहा छान होता... तुम्ही केलात?"

"नाही. डासांनी केला."

मग दर रविवारी. आई सकाळपासून वही उघडून बसायची. तो यायचा, तिला "आई" म्हणायचा, ती त्याला "पोरा" म्हणायची आणि मी त्या घरातली मोलकरीण. कुढत मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. आपटायचे कशासाठी, हे मात्र स्वतःला विचारायची हिंमत नव्हती.

एका मंगळवारी त्याच्या गच्चीतली बादली उलटी करताना मी विचारलं, "त्या वहीत असतं काय एवढं?"

"जोडमूळ संख्या." तो कठड्याला टेकला. "अकरा-तेरा, सतरा-एकोणीस, एकोणतीस-एकतीस. जोडीजोडीनं येतात. मधे एकच संख्या. पुढं पुढं जोड्या विरळ होत जातात. पण संपतात का, कुणालाच माहीत नाही."

"आणि कळलं तर उपयोग काय?"

मला वाटलं तो भाषण देईल. तो म्हणाला, "काही नाही बहुतेक."

"काही नाही? आई म्हणते सहा वर्षं झाली!"

"सात." तो माझ्याकडे बघत होता. एरवी त्याची नजर माझ्या आरपार जायची, आज ती माझ्यावर येऊन थांबली होती. "तुमच्या गालाला... माती लागलीये."

"कुठं?"

त्यानं बोट पुढं केलं, गालापासून दोन अंगुळं दूर थांबलं. "इथं... म्हणजे, साधारण."

"साधारण?" मी म्हणाले. "गणिती ना तुम्ही?"

तो कानापर्यंत लाल झाला. बोट मागं घेतलं. मी खाली उतरले ती जिने मोजत, आणि तिसऱ्या जिन्यावर लक्षात आलं की बाटल्या वरच राहिल्या. परत जायला लाज वाटली. संताप, संताप नुसता!

त्यानंतर दोन आठवडे त्यानं पुन्हा दार उघडलं नाही. रविवारीही आला नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कामात असेल," आणि विषय बदलला. दुसऱ्या आठवड्यात माझा बांध फुटला. दारावर थाप मारून मी ओरडले, "तुमच्या त्या संख्या कुठं पळून जात नाहीत! इथं माणसं तापानं फणफणतायत! जरा माणसात या!"

आतून आवाज आला नाही. पाच मिनिटंसुद्धा म्हणाला नाही.

त्याच गुरुवारी मी प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेले होते. शुक्रवारी सकाळी परतले तर घराला कुलूप आणि फोनवर त्याचा निरोप : आई दवाखान्यात आहे, काळजी करू नका, मी इथं आहे.

मी धावतच पोहोचले. आईच्या हाताला सलाईन, चेहरा मेणासारखा. शेजारच्या स्टुलावर तो, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"ताप अंगावर काढत होत्या," तो हळू आवाजात म्हणाला. "काल दुपारी फोन केला मला. तुम्हाला कळवू नको म्हणाल्या, प्रशिक्षण अर्धं सोडून याल म्हणून. मी त्यांचं ऐकायला नको होतं... डेंग्यू आहे."

डेंग्यू. माझ्या आईला. मी भिंतीला टेकले. त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि पाणी आणून दिलं. डॉक्टर म्हणाले प्लेटलेट्स उतरल्यात, पण घाबरायचं कारण नाही, दोन दिवस लक्ष ठेवू. ते दोन दिवस तो हलला नाही. आईला झोप लागत नव्हती तेव्हा तिला कसलंसं कोडं घालायचा, आई पुटपुटत उत्तर द्यायची. बरोबर असायचं.

शनिवारी दुपारी मी त्याला घरून आईचे कपडे आणायला पाठवलं. परत आला तो दारातच घुटमळला.

"एक सांगू? पण... चिडू नका."

"चिडणारच आहे. सांगा."

"तुमच्या फ्रिजच्या मागं, खाली ट्रे असतो ना, पाणी ठिबकतं त्यात... तिथं अळ्या होत्या." त्यानं खिशातून छोटी बाटली काढली. "तुम्हीच सांगितलं होतंत, पाणी दिसलं की वाकून बघायचं. म्हणून वाकलो. एकेचाळीस. दोनदा मोजल्या."

मी बाटलीकडे बघत राहिले.

आमचं घरही त्या तीनशेंत होतं. घर क्रमांक बारा. वीस आठवडे मी त्याचा फॉर्म स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून भरला होता, जागची न उठता. निरंक, निरंक, निरंक. डासवाल्या बाईच्या घरात कसले डास! आणि त्याच टेबलापासून चार हातांवर तो फ्रिज. आई रोज दुपारी तिथंच भाजी निवडत बसायची.

"सोमवारी पहिल्या टप्प्याचा अहवाल द्यायचाय," मी म्हणाले. "परिषदेत मीच वाचणार आहे तो. एका घरानं काय फरक पडतो? तीनशेंत एक. कुणाला कळणारही नाही..."

तो म्हणाला, "माझा पेपर छापायला घेतला होता. सात वर्षांचं काम. एकोणिसाव्या पानावर एक चूक निघाली. तपासणाऱ्यांना दिसली नव्हती, मलाच दिसली." त्यानं चष्मा पुसला. "परत घेतला मी. दोन आठवडे झाले."

दोन आठवडे. म्हणजे दार बंद होतं तेव्हा...

"मी येऊन ओरडले होते," मी म्हणाले.

"हो. बरं वाटलं होतं."

"बरं?"

"त्या आठवड्यात दुसरं कुणी माझ्याशी बोललंच नव्हतं."

मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. मेल्या, मग दार का नाही उघडलंस, असं काहीतरी. त्याऐवजी मला रडू आलं. त्यानं खिसे चाचपले, रुमाल सापडेना, शेवटी आईच्या धुतलेल्या साडीचा पदर पिशवीतून काढून माझ्या हातात दिला.

सोमवारी मी विभागप्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. त्या ऐकताना एकदाही मधे बोलल्या नाहीत, हे सगळ्यात वाईट. मग म्हणाल्या, "आपल्या सहाही जणांची घरं आजच्या आज तपासा. एकमेकांची. स्वतःचं नाही."

सहापैकी तीन घरांत अळ्या निघाल्या. फॉर्मवर फ्रिजच्या ट्रेची नवी ओळ आली, अहवाल महिनाभर पुढं गेला आणि परिषदेत तो आता मॅडम वाचणार होत्या. "वाईट वाटून घेऊ नको," त्या म्हणाल्या. मी घेतलं. पण त्या संध्याकाळी कित्येक दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

मंगळवारी आई घरी आली. गुरुवारी दुपारी तो आला. आई आतल्या खोलीत पडली होती, मी ओट्याशी उभी. तो दारात, हातात पिशवी.

"परवा जातोय," तो म्हणाला. "तीन महिने. माझे जुने गुरुजी आहेत, त्यांच्याकडे. ते एकोणिसावं पान दुरुस्त होतं का बघतो."

हातातला कप मी ठेवला की आपटला, आठवत नाही. "परवा? आणि मला आज सांगताय?"

"आईंना रविवारी सांगितलं होतं. दवाखान्यात. तुम्ही औषधं आणायला गेला होतात..."

"आईला! सगळं आईला! आणखी काय काय सांगितलंत तिला?"

खिडकीतून ऊन येत होतं, त्याच्या चष्म्यावर चमकत होतं, त्यामुळं डोळे दिसेनात.

"हेच की..." तो म्हणाला. "की तुम्ही मला आवडता. म्हणजे... खूप. म्हणजे तुम्ही चिडून जिना चढायला लागलात की मला पहिल्या मजल्यापासून ऐकू येतं, आणि मग माझं काम होत नाही."

मी ओट्याला घट्ट धरलं. "आणि आई काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मला काय सांगतोस, मला ठाऊक आहे. तिला सांग."

"म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं! मला सोडून!"

"घरात दोघीच..."

"मोजू नका!"

तो दचकला. मग हसला, तेच हसू, ज्यानं पहिल्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं. मला त्याचा राग आला, आईचा आला, त्या तीन महिन्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझाच, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तो ते बघत होता.

"आणि हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय?" मी म्हणाले. "प्रेमात पडलेला माणूस 'तुम्ही' म्हणतो?"

"तू..." तो म्हणाला, आणि तिथंच अडकला. एवढासा शब्द, पण तो हातात दिवा सांभाळावा तसा धरून उभा राहिला. "तू... फार चिडलीयस का?"

"हो."

"किती?"

मी खुर्ची ओढली, त्याच्या हातातली पिशवी काढून बाजूला ठेवली. त्याचा हात मात्र सोडला नाही.

"बैस," मी म्हणाले. "पहिल्यापासून सांगते."