मागखात्यातलं बोलणं

आई चष्मा घरीच विसरली होती, म्हणून शाळा सुटल्यावर मी तो द्यायला गेले. आमच्या वस्तीमागची बंद पडलेली कापडगिरणी आता नवा बाजार होणार होती. वर्षानुवर्षं गंजलेली शटरं रंगवून झाली होती, रस्त्याला फरश्या आणि दिवे आले होते. उद्या उद्घाटन. आईला तिथे झाडलोटीचं काम मिळालं होतं. पूर्वी इथे माणसांचे कान जायचे, आता या गुळगुळीत फरशीवर दात जातील, असं म्हणत फाटकावरच्या वॉचमनकाकांनी मला आत सोडलं.

आई-बाबा दोघंही इथल्या मागखात्यात माग चालवायचे. मागांच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून ते नुसते ओठ हलवून बोलायचे. घरीही, मला कळू द्यायचं नसलं की तसंच. मला ते कधी नीट वाचता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात बाबांचा आवाज गेला. आई औषध आणायला खाली गेली होती, तेव्हा ते माझ्याकडे बघून नुसत्या ओठांनी काहीतरी म्हणाले. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मला कळेना, आणि कळत नाही हे दाखवायची लाज वाटली. मी नुसती मान हलवत राहिले. आई वर आली तेव्हा सगळं संपलं होतं. झोपेतच गेले, असं मी तिला सांगितलं.

मागखातं आता पांढरं, रिकामं दालन झालं होतं. ऊन तिरपं आत आलं होतं. आई मधोमध उभी होती, झाडू टेकवून, आणि तिचे ओठ हलत होते. समोर कोणीच नव्हतं. मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. तिने वळून पाहिलं नाही. नव्या रंगाच्या वासाखालून गरम वंगणाचा वास यायला लागला. चपलेखाली फरशी बारीक थरथरत होती. आवाज मात्र कसलाच नव्हता.

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि खूप गोंगाटात बोलावं तसं ओरडून विचारलं,

"ते म्हणतायत, पाणी मागितलं होतं... तुझ्याकडे?"

तो शब्द मला आत्ता कळला. मी हो म्हटलं. तिने ते माझ्या ओठांवरून वाचलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दप्तरातली बाटली काढून मी फरशीवर ठेवली.

"खाली नको गं... हातात दे."

मी बाटली पुढे धरली. बाबा, मला कळलंच नव्हतं, असं ओठांनीच म्हटलं. बराच वेळ गेला. हात भरून आला. आता खाली घेऊ का, मी आईला विचारलं.

तिची नजर माझ्यावरून सरकत पार दारापर्यंत गेली.

"थांब," ती म्हणाली. "खात्यातले बाकीचे पण रांगेत आहेत..."