नऊ मंगळवार

दप्तरखान्याच्या दारात दोघांची टक्कर झाली. ती आत निघालेली, तो बाहेर... आणि त्याच्या बाहीवर जुन्या कागदांची धूळ! समाजशास्त्र शिकवणारा, जिवंत माणसांची दारं ठोठावणारा हा प्राणी इथं कशाला?

"सहज," म्हणत तो चक्क लाजला.

आतून दप्तरदारीण खुदकन हसली. "पुढच्या मंगळवारी या हं, सर!"

मत्सराचं असंच असतं बघा. दार वाजवत नाही, जोडे काढत नाही, थेट काळजात येऊन बसतो.

तिचा इतिहास विभाग आणि त्याचा विभाग म्हणजे जुनी भाऊबंदकी, मधे भिंत आणि अबोला. यंदा मात्र एक वर्ग दोघांनी मिळून शिकवायचा ठरला. ती एका विणकराचा दोनशे वर्षांपूर्वीचा अर्ज वाचून दाखवी, की हा विचारणारच, "आणि बाकीचे विणकर?" भांडता भांडता तिला त्या तासाची ओढ लागली होती.

तिनं दप्तरखान्याची नोंदवही उघडली. नऊ मंगळवार, त्याच्या नऊ सह्या. पुरावा पक्का! तणतणत तिनं अर्ज लिहिला : 'पुढील वर्षी स्वतंत्र तास मिळावा.'

तेवढ्यात तो परत येऊन मागे उभा. "मला सोडून निघालात?"

"तुम्हाला सोबत आहे की! नऊ मंगळवारांची."

"तुम्हा लोकांना मेलेली माणसंच बरी. उलट बोलत नाहीत ना!"

"आणि तुम्हाला एकटं माणूस दिसतच नाही. शंभर जमली की मोजता!"

"एकटं दिसलं... म्हणूनच तर –" त्यानं पिशवीतून वही काढली. पानभर जुन्या वळणाची अक्षरं, सगळी कोलमडलेली. "तुमच्या विणकरांचे अर्ज वाचता यावेत म्हणून शिकतोय. ती बाई शिकवते... आणि हसते."

तिचा चेहरा तांबूस झाला. तरी ठसका जाईना. "मला विचारायचं होतं!"

"तुम्ही कुठं मला विचारलंत? नोंदवहीला विचारलंत."

"चारशे घरांत शिरून किती माणसं, किती खोल्या विचारता, आणि मला एक प्रश्न –"

"तिथं 'नाही' आलं तर पुढचं दार असतं," तो हळूच म्हणाला. "इथं... पुढचं दार नाही."

मग अर्जाची घडी घालून तिनं मुठीत धरली.

"उद्यापासून अक्षरं माझ्याकडे गिरवायची. तिच्याकडे नाही."

"म्हणजे... हो?"

"इश्श! एवढंही वाचता येत नाही?"